भीमा-भामेचा मुलूख

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात राजगुरुनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी जुनी अकरावी उत्तीर्ण झालेला एक साधा प्राथमिक शिक्षक. उभी हयात याच तालुक्यातील शाळांतून मुलांना भूगोल आणि मराठी शिकविण्यात गेली. तेव्हा मोठ्या तत्त्वज्ञानाच्या विषयाला हात घालण्यापेक्षा, ज्या भूमीवर आपण आज जमलो आहो तिच्याविषयीच बोलावे असे मी ठरविले. देशाचा भूगोल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नकाशा येतो, राजधान्या येतात, पर्वतांच्या उंच्या येतात. परंतु देश म्हणजे अखेर अनेक मुलखांची बेरीज होय. आणि ज्याला आपला मुलूख ठाऊक नाही त्याचे देशाविषयीचे ज्ञान पाठांतराच्या पलीकडे जात नाही. वर्गात नाईल नदी कोठे मिळते ते सांगणारी मुले पुष्कळ भेटत. आपल्या दारावरून वाहणारी भीमा कोठे जाते असे विचारले की मात्र वर्ग शांत होई. आज पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्या कुटुंबांतील मुलांची स्थिती याहून निराळी असेल असे मला वाटत नाही. म्हणून हा खटाटोप.

प्रथम जमिनीचा उतार ध्यानात घेऊ, कारण आपल्या तालुक्याचे सारे जीवन त्या उतारावर अवलंबून आहे. खेड तालुका पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्याला टेकलेला आहे आणि पूर्वेस शिरूरच्या माळरानाकडे उतरत गेलेला आहे. उत्तरेस आंबेगाव, दक्षिणेस मावळ आणि हवेली. पश्चिमेच्या टोकाला भीमाशंकरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंच. आपले हे राजगुरुनगर सहाशे मीटरांच्या आसपास. कड्यावरून खाली पाहिले तर कर्जतकडील कोकण एकदम पायाशी दिसते. हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरावर थर बाहेर आले आणि थिजले; त्यांचेच हे डोंगर होत. आपल्या डोंगरांच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्या खुणा. देवळे, वाडे, विहिरींची बांधणी, जाती, पाटे-वरवंटे, सारे याच दगडाचे. घरातील जात्यापासून गडाच्या बुरुजापर्यंत एकच खडक आपल्या पूर्वजांच्या हाती होता असे म्हटले तरी चालेल.

आता पावसाचे पाहा. समुद्रावरून येणारे ढग कड्याला अडतात आणि आपले बहुतेक ओझे तेथेच उतरवितात. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि तेथून एसटीने दोन-तीन तासांच्या अंतरावर, कनेरसरच्या बाजूस, पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी वर्ष चांगले गेले म्हणतो. एका तालुक्यात एवढे अंतर! यामुळेच भोरगिरी, वाडा, आव्हाट या पट्ट्यात भातखाचरे, नाचणी, वरई आणि खुरासणी. मधल्या सपाटीत ज्वारी, भुईमूग, बटाटा व कांदा. आणि पूर्वेकडे बाजरी, मटकी, हुलगे अशी पिकांची वाटणी झाली. पश्चिमेकडे राब भाजून आवणी करणारा आणि पूर्वेकडे ताली घालून पाणी अडविणारा, हे दोघेही खेड तालुक्याचेच शेतकरी. परंतु एकाला पाणी वाहून जाते कसे याची चिंता, तर दुसऱ्याला ते येते केव्हा याची. भाकरीचा रंग पाहून माणूस कोणत्या अंगाचा हे ओळखता येई, असे जुनी माणसे म्हणत, त्यात अतिशयोक्ती फार नाही.

या उतारावरून तीन नद्या वाहतात. त्यांत थोरली भीमा. ती भीमाशंकरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नाही. परंतु नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते. भोरगिरी, चास, राजगुरुनगर अशी गावे करीत, पुढे उजनीच्या जलाशयातून पंढरपुरास जाते आणि तेथे चंद्रभागा हे नाव घेते. सुमारे ८६० किलोमीटरांचा प्रवास करून रायचूरच्या बाजूस ती कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरास जाते. म्हणजे आपल्या गावच्या घाटावर जी ओंजळ आपण भरतो, तेच पाणी पुढे पांडुरंगाच्या पायरीशी जाते. वारकऱ्याला पंढरीची वाट दिंडीने जावे लागते. आपल्या नदीला ती जन्मजात ठाऊक आहे. दुसरी भामा, करंजविहिरे आणि आसखेडच्या डोंगरांतून येणारी. नावाने भीमेची धाकटी बहीण शोभणारी. तिसरी इंद्रायणी. ती लोणावळ्याकडून येऊन देहू-आळंदीस पावन होते आणि तुळापुरास भीमेत मिसळते.

या नद्यांवर आता धरणे झाली आहेत. भीमेवर चासकमान, भामेवर भामा आसखेड. दोहोंचा उपयुक्त साठा प्रत्येकी साडेसात टीएमसीच्या आसपास. चासकमानच्या कालव्याने खेडच्या व शिरूरच्या कोरड्या रानांत ऊस उभा केला. भामा आसखेडचे पाणी २०२१ सालापासून पुणे शहराच्या पूर्व भागास जाते. या लाभाची गणती सर्वत्र होते आणि ती होणे योग्यच आहे. परंतु ज्यांची काळी मळई पाण्याखाली गेली, त्यांच्या हिशेबाची वही निराळी आहे. उन्हाळ्यात जलाशय आटला की जुन्या बांधांच्या रेषा वर येतात. पाणी नेणाऱ्या नळाच्या टोकाशी राहणाऱ्या माणसाने, म्हणजे आपल्यापैकी पुणेकर झालेल्या कुटुंबांनी, नळाच्या उगमाशी कोण राहत होते याची एवढी जाणीव ठेविली तरी पुष्कळ झाले.

रानाविषयी थोडे बोलतो. भीमाशंकरचे अरण्य १९८५ साली अभयारण्य म्हणून राखण्यात आले. त्याचा भूषणमणी म्हणजे शेकरू, ही मोठी तांबूस खार आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ती क्वचितच जमिनीवर उतरते. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उडी घेत तिचा सारा व्यवहार चालतो. म्हणून रान सलग असेल तोवरच शेकरू आहे. मध्ये चार झाडांची जागा मोकळी झाली की तिचा रस्ता तुटला. वर्गात मी मुलांना सांगत असे की, तुमची शाळा आणि घर यांच्यामधील पूल काढून टाकला तर तुम्ही काय कराल, तसेच हे. या रानात हिरडा आहे, जांभूळ आहे, अंजनी आहे. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आहे. आणि पावसाळ्याच्या काळोख्या रात्री कुजट लाकडावर मंद हिरवट उजेड देणारी बुरशीही आहे. ती पाहून पूर्वीचे प्रवासी भुताचे दिवे म्हणत पळाले असतील तर नवल नाही!

याच रानाशी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेले लोक म्हणजे महादेव कोळी आणि ठाकर बांधव. बाळहिरडा वेचावा, वाळवावा, विकावा आणि त्या पैशांवर पावसाळ्याची बेगमी करावी, ही त्यांची रीत. कोणत्या झाडाची साल कोणत्या दुखण्यावर, कोणता कंद किती वेळ उकळल्यावर खाण्याजोगा, मुंग्यांनी अंडी वर नेली म्हणजे पावसाचा काय अंदाज, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. मी एका डोंगराळ गावी काही वर्षे शिक्षक होतो. तेथील मुले लिहिण्यात मागे असत. परंतु त्यांना रानात नेले की शिक्षक ती आणि विद्यार्थी मी, असा प्रकार होई. एका सातवीतल्या मुलीने मला एकदा अर्ध्या तासात बावीस झाडांची नावे सांगितली. त्यांतील नऊ मला अपरिचित होती. डोंगराची ही जाण दुर्लक्षून चालत नाही. ३० जुलै २०१४ रोजी शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे मातीखाली गेली. सह्याद्री दिसतो अढळ, परंतु अतिवृष्टीत त्याची माती सुटते हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

पूर्वेकडे रानाचा दुसरा प्रश्न आहे. ऊस वाढला तसा बिबट्या उसाच्या फडात राहू लागला. तेथेच त्याची पिल्ले जन्मतात आणि त्यांना तोच फड आपले घर वाटते. शेतकऱ्याची शेळी जाते, कुत्रे जाते, कधी माणसाच्या जिवावरही बेतते. रात्री पाण्याची पाळी असणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवाचा थरकाप शहरातील माणसास कळावयाचा नाही. कालवा आला, ऊस आला, उसामागे बिबट्या आला. भूगोलात एक गोष्ट हालविली की दुसऱ्या दहा हालतात, याचा याहून चांगला धडा मला क्रमिक पुस्तकात सापडला नाही.

आता माणसांकडे वळू. आपला मुलूख लहान. परंतु इतिहासाने त्याला वारंवार हाक मारलेली आहे. १६६० साली शायिस्तेखान चाकणच्या संग्रामदुर्गावर चालून आला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी सुमारे पंचावन्न दिवस किल्ला झुंजविला. चाकणचा किल्ला डोंगरावरचा नव्हे, उघड्या मैदानावरचा भुईकोट. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच तो पडला. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी याच खेडजवळ भीमेच्या काठी शाहू महाराज व महाराणी ताराबाई यांच्या सैन्यांची गाठ पडली, धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि मराठी राज्याच्या पुढील शंभर वर्षांचा ओघ बदलला. चास हे पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाई यांचे माहेर. दावडी हे बडोद्याच्या गायकवाडांचे मूळ गाव. आणि २४ ऑगस्ट १९०८ रोजी भीमेच्या तीरावरील वाड्यात शिवराम हरी राजगुरू जन्मले. संस्कृत शिकावयास काशीस गेले आणि क्रांतिकारकांना मिळाले. २३ मार्च १९३१ रोजी लाहोर येथे भगतसिंग व सुखदेव यांच्यासह ते फासावर गेले. वय अवघे बावीस. भीमेच्या काठचा मुलगा, सतलजच्या काठी हुसैनीवाला येथे त्याचा देह अग्नीस दिला गेला. आपल्या गावाला आज त्यांचे नाव आहे. तालुका अजून खेडच म्हणवितो. म्हणून बाहेरचा पाहुणा गोंधळतो, परंतु आपल्याला दोन्ही नावे सारखीच जवळची आहेत.

ही झाली मोठ्या नावांची ओळख. परंतु मुलूख चालतो तो लहान माणसांवर. जमीन कसणारा कुणबी, मळे फुलविणारा माळी, डोंगरातला कोळी व ठाकर, मेंढरे घेऊन फिरणारा धनगर, गावगाड्यातील बलुतेदार, महारवाड्यातील व मांगवाड्यातील कष्टकरी, व्यापारी, बागवान आणि आतार. या सर्वांच्या हातांनी हा मुलूख घडला. त्यांतील काहींना पाणवठ्यावर यावयाचीही मुभा नव्हती, हेही भूगोल सांगताना लपवून चालणार नाही. गावाच्या जुन्या नकाशात वस्त्या कोठे होत्या हे पाहिले तर ते आपोआप कळते.

या गावगाड्यात आपण शिंपी लोक कोठे होतो? आपल्यापैकी बहुतेकांच्या नावे फारशी जमीन कधीच नव्हती. आपले शेत म्हणजे बाजार. आठवड्यातील निरनिराळ्या वारी निरनिराळ्या गावचा बाजार करावयाचा. पाठीवर किंवा सायकलला गाठोडे, त्यात बंड्या, पैरणी, कुंच्या, झबली, टोप्या. माझे वडील वाड्याच्या बाजारास जात, तेव्हा पावसाळ्यात कपडे भिजू नयेत म्हणून गाठोड्यावर घोंगडे टाकीत आणि स्वतः भिजत. त्यांना तालुक्यातील वाटा, ओढे, उतार कोठे, चढ कोठे, कोणत्या गावी पीक बरे आले, कोणत्या घरी लग्न ठरले, सारे मुखोद्गत असे. पीक बुडाले की उधारीची वही फुगे. पीक आले की ती मिटे. म्हणजे जमीन नसूनही आपले पोट पावसाशीच बांधलेले होते. आपल्या वाडवडिलांचा हा जो पायी मिळविलेला भूगोल, तो त्यांच्याबरोबर जाऊ पाहत आहे. त्याची मला खंत वाटते.

तालुक्याच्या लोकजीवनात दोन गोष्टी विशेष. एक यात्रा, दुसरी वारी. निमगावच्या खंडोबाचा घाट म्हणजे बैलगाड्यांचे माहेरघर. चार बैल, पुढे घोडी, भंडारा उधळला जातो आणि बारी सुटते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाडा घाट चढून गेलेला असतो. २०१४ साली न्यायालयाने या शर्यती बंद केल्या होत्या. राज्याने कायदा केला, आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो ग्राह्य धरला. शर्यत व्हावी, मुक्या जनावरास टोचणी, मार होऊ नये, ही न्यायालयाची अट मात्र गाडामालकांनी अंतःकरणपूर्वक पाळावी.

दुसरी गोष्ट आळंदीची. १२९६ साली ज्ञानेश्वर महाराजांनी तेथे समाधी घेतली, त्या वेळी नामदेव महाराज जवळ होते, आणि त्या वियोगाचे वर्णन त्यांच्या अभंगांतून आपल्यापर्यंत आले आहे. आपल्या ज्ञातीस याचा अभिमान वाटतो आणि तो वाटावाही. परंतु नामदेवांचे पुढील चरित्र आपण तितकेसे सांगत नाही. मित्र गेल्यावर हा पंढरीचा शिंपी उत्तरेकडे निघाला. पंजाबात गेला, तेथील भाषा शिकला, तेथील लोकांत राहिला. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान गाव आजही त्यांचे नाव सांगते. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. तुम्ही दक्षिणेकडचे, परक्या जातीचे, परक्या भाषेचे, असे पंजाबने त्यांस म्हटले नाही. हे वाक्य आपण मनात ठेवावे, कारण मी आता ज्या गोष्टीकडे वळणार आहे तिच्याशी याचा संबंध आहे.

गेल्या तीन दशकांत आपला मुलूख पार बदलला. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि कारखान्यांची रांग भोसरीहून उत्तरेकडे सरकत चाकणला आली. १९९९ साली बजाज, २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्र; आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहानमोठे कारखाने. जेथे कांद्याच्या वखारी होत्या तेथे गोदामे आली. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार अद्यापि मोठा आहे. परंतु बाजारात माल आणणाऱ्या ट्रॅक्टरला आता मोटारी वाहून नेणाऱ्या लांबच लांब ट्रकांच्या रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागते. तुकोबांनी ज्या भामचंद्र डोंगरावर चिंतन केले असे परंपरा सांगते, त्याच्या पायथ्यापर्यंत कारखान्यांचे पत्रे येऊन पोहोचले आहेत. इंद्रायणीचे पात्र आळंदीस कित्येकदा पांढऱ्या फेसाने झाकलेले दिसते, आणि वारकरी तेच पाणी डोळ्यांस लावतो. श्रद्धा नदीला आई म्हणते. मग आईच्या अंगावर मैला व रसायने टाकणारे आपण कोण, हा प्रश्न कारखानदारांना विचारावा, नगरपालिकांना विचारावा आणि आपल्या घरातील मोरीपासूनही विचारावा.

उद्योगांना मी दोष देत नाही. आपल्याच कित्येक मुलांना तेथे नोकऱ्या मिळाल्या. शिवणयंत्रावर डोळे फोडण्यातून ती सुटली. ज्यांची थोडीफार जमीन होती त्यांना भावही मिळाला. परंतु पैसा आला तसा तो गेलेलाही मी पाहिला आहे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने दोन एकर विकून दोन मोटारी घेतल्या. सात वर्षांनी मोटारीही गेल्या, आणि घरातील दोन्ही मुलगे आज त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोदामात रखवालीचे काम करतात. जमीन विकणे हे पाप नव्हे. परंतु तिच्या बदल्यात काय उभे राहिले, हा हिशेब घरातील बायकामुलांसमोर व्हावयास हवा. पुष्कळ घरांत सही करताना आईला व बहिणीला विचारलेही जात नाही. कागदावर अंगठा मात्र त्यांचा लागतो.

आणि या नव्या मुलखात नवी माणसे आली आहेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या तालुक्याची लोकसंख्या साडेचार लाखांच्या घरात होती. त्यानंतर ती किती वाढली असेल हे चाकणच्या चौकात सकाळी पाळी सुटताना उभे राहिले म्हणजे दिसते. लातूर, नांदेड, परभणी, बीड येथील, विदर्भातील, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथील तरुण. माझ्या सेवेच्या अखेरच्या वर्षांत वर्गात अशी मुले निम्म्याच्या जवळपास असत. एकाच बाकावर मराठवाडी बोली, भोजपुरी आणि आमची खेडची बोली. पहिल्या सत्रात ती एकमेकांस हसत. दुसऱ्या सत्रात एकमेकांचे शब्द उसने घेत. मोठ्या माणसांना जे जमत नाही ते मुलांनी सहा महिन्यांत केले.

मोठ्या माणसांचे काय? चाकण, महाळुंगे, नाणेकरवाडी, कुरुळी या भागांत चाळी बांधून खोल्या भाड्याने देणे हा आता एक मोठा धंदा झाला आहे आणि आपले कित्येक ज्ञातिबांधव त्यात आहेत. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही. परंतु एका खोलीत आठ-आठ मुले, पाण्याची वेळ अर्धा तास, संडास वीस जणांस एक, आणि वर 'हे बाहेरचे लोक घाण करतात' अशी तक्रार, हे ऐकून मला लाज वाटते. बंधूंनो, आपण तरी आतले केव्हा झालो? आपल्यापैकी किती घराणी या तालुक्यात मूळची आहेत? कोणी जुन्नरहून, कोणी नगरकडून, कोणी पंढरपुराच्या बाजूने, बाजाराच्या मागे फिरत फिरत आले. कोणा पाटलाने ओसरीवर जागा दिली, कोणा माळ्याने वाड्याची पडवी दिली, तेथे आपले पहिले यंत्र मांडले गेले. ज्याच्या आज्याला परक्याच्या ओसरीचा आधार मिळाला, त्याने आपल्या खोलीतील भाडेकऱ्यास माणसाप्रमाणे वागविणे, हे उपकार नव्हेत, ती परतफेड होय. नामदेवांची जयंती थाटाने करणाऱ्या समाजास हे सांगावे लागू नये.

मुलखाचा भूगोल असा दर पिढीस नव्याने लिहिला जातो. नदी तीच, परंतु काठ बदलतो; माती तीच, परंतु तिच्यावर राबणारे हात बदलतात. या बदलात आपण काय करावे, याविषयी तीन लहान सूचना मंडळापुढे ठेवितो. त्यांस फारसा खर्च नाही.

पहिली, प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील सत्तरीच्या पुढील माणसांजवळ बसून जुनी नावे लिहून घ्यावी. शेतांची, ओढ्यांची, टेकड्यांची, पाणंदींची, जुन्या बाजारवाटांची. चिंचेचा मळा, घोडेउतार, मोटेची विहीर अशी नावे गट क्रमांकांत बुडत चालली आहेत. मोबाईलवर आवाज घेता येतो. नातवंडांना ते काम द्यावे, ती आनंदाने करतील. मंडळाने त्यांतील निवडक मजकूर पुढील स्मरणिकेत छापावा.

दुसरी, वर्षातून एकदा मंडळाने सहल काढावी. परंतु ती लोणावळ्यास किंवा महाबळेश्वरास नव्हे. पहिल्या वर्षी भोरगिरीहून भीमाशंकर, दुसऱ्या वर्षी चास व धरण, तिसऱ्या वर्षी संग्रामदुर्ग आणि राजगुरूंचा वाडा, चौथ्या वर्षी आळंदीहून तुळापूर. मुलांनी उगमापासून संगमापर्यंत आपली नदी एकदा पायांनी ओळखावी. डोंगरातील गावी गेल्यावर जेवण तेथल्याच घरी पैसे देऊन घ्यावे. डबे भरून नेऊन कागद मात्र रानात टाकून येऊ नये.

तिसरी, ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत अशा ज्ञातिबांधवांची एक बैठक मंडळाने बोलवावी आणि पाणी, संडास व भाड्याची पावती या तीन गोष्टींचा किमान नियम आपापसांत ठरवावा. त्याचप्रमाणे मंडळाचा जो अभ्यासवर्ग संध्याकाळी भरतो, त्यात भाडेकऱ्यांच्या मुलांनाही बसू द्यावे. कार्यकारी मंडळातील काही सभासदांस हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे. 'मंडळ ज्ञातीचे, पैसा ज्ञातीचा, मग लाभ इतरांस का?' असा प्रश्न येईल. त्याला माझे उत्तर एवढेच की, सतरंजी आपली आहे, दिवा आपला आहे, शिकविणारा मी फुकट आहे. दहा मुलांच्या जागी पंधरा बसली तर दिव्याचे तेल अधिक जळत नाही. सोमवार ते शुक्रवार मी स्वतः येईन, जोवर पाय चालतात तोवर.

मी भूगोल शिकविला, म्हणून मला मुलखाचा अभिमान आहे. परंतु अभिमान म्हणजे कुंपण नव्हे. भीमा आपल्या तालुक्यात जन्मते, पण आपल्यापाशी थांबत नाही. वाटेत जो भेटेल त्याचे पाणी आपल्यात घेते आणि पुढे जाते, म्हणून तर ती पंढरपुरास पोहोचते. ज्ञातीचे मंडळही असेच असावे.



जय हिंद. जय महाराष्ट्र.